भोपळा, दोर आणि काठावरचा माणूस

अमरावतीहून नागपूरच्या हमरस्त्याने निघाले की नांदगाव पेठ मागे पडते, मग मोझरीचे गुरुकुंज लागते आणि त्यानंतर तिवसा. बहुतेक प्रवासी तिवस्याला चहापुरते उतरतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, तूर आणि मधूनमधून संत्र्याचे बगीचे. पुढे तळेगावच्या अलीकडे वर्धा नदीचा पूल येतो, तो ओलांडला की अमरावती जिल्हा संपतो. पुलावरून गाडी मिनिटभरात पार होते आणि नदी पाहायची राहूनच जाते. या खेपेला आम्ही पूल ओलांडलाच नाही. तिवस्याहून दक्षिणेची वाट धरली, कुऱ्हा मागे टाकले आणि कौंडण्यपूरला नदीच्या काठावर जाऊन उतरलो.

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. नदीकाठच्या उंच टेकाडावर विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ, खाली घाट आणि घाटाला लागून वर्धेचे पात्र. हे टेकाड साधे मातीचे नाही. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी साठच्या दशकात येथे उत्खनन केले आणि त्याचा ग्रंथ १९६८ साली निघाला. जुन्या वस्त्यांचे थरावर थर या मातीत सापडले आहेत. आषाढीला येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते आणि कार्तिकात येथे यात्रा भरते. श्रीकृष्णाने रुक्मिणीला अंबिकेच्या देवळातून नेले ते इथूनच, असे गावकरी सांगतात. अमरावतीकर तोच मान आपल्या अंबादेवीला देतात. माहेरच्या माणसांत असा वाद चालायचाच, आपण त्यात पडू नये.

आम्ही गेलो तेव्हा यात्रा होऊन गेली होती. पुराचे गढूळ पाणी निवळून हिरवट झाले होते. पलीकडच्या काठाला वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका. घाटावर बायाबापड्या कपडे धूत होत्या आणि पाचसहा पोरे पायऱ्यांवरून धावत येऊन पाण्यात उड्या टाकत होती. अशा वेळी कोणत्याही आईचे लक्ष धुण्यात नसते. हात कपड्यावर आणि डोळे पाण्यावर.

पायऱ्या संपून गोटे लागतात तिथे एक म्हातारे भोईकाका जाळे सांधत बसले होते. शेजारी डोंगा उपडा घातलेला. डोंग्याच्या टोकाला सुतळीच्या जाळीत बांधलेला एक मोठा वाळका भोपळा टांगला होता आणि त्याला पिवळ्या कापडाची चिंधी. आम्हाला वाटले, एकतारी करायला ठेवला असेल. मोझरीच्या एवढे जवळ असल्यावर तसे वाटणे साहजिकच होते. विचारले तेव्हा काका हसले.

"हा गात नाई भाऊ. हा पोहते."

मासेमारी हा त्यांचा धंदा. पण पंचक्रोशीत कोणी बुडाले, विहिरीतल्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह अडकला किंवा यात्रेत एखाद्या बाईचे मंगळसूत्र घाटावर पाण्यात पडले, की बोलावणे यांच्याच घरी येते. वडिलांकडून त्यांनी बुडी मारणे शिकले. आता सत्तरी उलटली, म्हणून स्वतः उतरत नाहीत. मुलगा आणि पुतण्या उतरतात आणि काका काठावर उभे राहून दोर धरतात. "दोर मीच धरतो. दुसऱ्याच्या हाती देत नाई," असे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितले.

हवेचे नळकांडे पाठीवर न घेता, केवळ श्वास रोखून काठावरून पाण्याखाली जाण्याचे हे काम. त्याला लागते काय काय, हे आम्ही त्यांच्याकडून बारकाईने समजून घेतले. पाणबुड्याच्या कमरेपासून दहाबारा हातांवर दोरात भोपळा ओवलेला असतो आणि तिथून पुढचा दोर काठावरच्या माणसाच्या हातात असतो. पाणबुड्या खाली गेला की वरच्याला फक्त पाणी दिसते, माणूस दिसत नाही. भोपळा मात्र दिसतो. तो ज्या बाजूला सरकेल त्याच्या आसपास खाली माणूस आहे. तो डुलत असेल तर माणूस हालचाल करतो आहे. तो एका जागी निपचित राहिला तर काठावरच्याच्या पोटात गोळा येतो.

"मंग तुमी काय करता?" आम्ही विचारले.

"मोजतो ना बाप्पा. मनातल्या मनात राम-राम म्हनत चाळीस मोजतो. चाळीस झाले का एक झटका देतो. खालून झटक्याचा जवाब आला तं ठीक. नाई आला तं इचार कराचा नाई, ओढाचं."

गाठीचा प्रकार आम्हाला नवा होता. नदीत उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर कधीही पक्क्या गाठीने बांधत नाहीत. टोक ओढले की एका हिसक्यात सुटेल अशी सरकगाठ पोटावर, उजव्या हाताला येईल अशी ठेवतात. नदीच्या तळाशी पुरात वाहून आलेली झाडे अडकलेली असतात, बाभळीच्या फांद्या असतात, कोणीतरी टाकून दिलेली नायलॉनची जाळी असतात. दोर त्यात गुंतला आणि वरून ओढ बसली, तर ज्या दोराने वाचायचे तोच दोर गळफास होतो. म्हणून कमरेला एक लहान सुरीही असते. तिचे टोक घासून बोथट केलेले. "टोकानं आपलंच पोट फाटते. आपल्याले धार पाह्यजे, टोक कायले पाह्यजे?" जुन्या सुती जाळ्याला हाताने हिसका दिला तर ते फाटायचे. नायलॉन फाटत नाही, त्याला धारच लागते. जाळी बदलली तशी सुरी कमरेला आली.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि तिला एक पैसाही लागत नाही. नदीच्या मधोमध एखादी वस्तू पडली तर नेमकी जागा पुन्हा सापडायची कशी? पाण्यावर खूण राहत नाही. काठावरून बोट दाखवून "तिथं, तिथं" म्हणणारे दहा जण असतात आणि दहांची बोटे दहा दिशांना. काकांनी उठून दाखवले.

"हे पाहा. थ्या उंबराच्या मांगं देवयाचा कयस बरोबर एका रेघेत आला पाह्यजे. अन् इकडं पाहा, पल्याडच्या काठावर दोन निंबं हायेत, एक पुढं, एक मांगं. ते दोन्ही एकामांगं एक झाकले गेले का समजाचं, आली जागा."

दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. शेतात धुऱ्याचा दगड हरवला की दोन जुन्या झाडांवरून आपण बांध शोधतो, तीच ही रीत. पाण्यात तिचा दुसराही उपयोग आहे. डोके वर काढून पाहिले आणि कळस उंबराच्या मागून बाजूला सरकलेला दिसला, तर प्रवाह आपल्याला वाहून नेतो आहे हे लगेच कळते. पोहणाऱ्याला आपण वाहत चाललो हे एरवी समजत नाही, कारण त्याच्याभोवतीचे पाणीही त्याच्याबरोबरच वाहत असते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दोन खुणा पाहून ठेवायच्या आणि बाहेर कुठे निघायचे तेही ठरवायचे. निघण्याची जागा नेहमी उतरण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला हवी. थकलेला माणूस प्रवाहाच्या उलट पोहून परत येत नाही.

तिवस्यापासून समुद्र फार लांब. पण मालवणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत डोके घालून मासे आणि शेवाळ पाहणारी हौशी मंडळी अलीकडे पुष्कळ दिसतात. त्यांतले काही जण श्वास रोखून खालीही जातात. जगभर हा आता खेळच झाला आहे. या खेळात किनाऱ्यावरून एकट्यादुकट्याने उतरणाऱ्याने बरोबर काय घ्यावे, याचे नियम जाणकारांनी घालून दिले आहेत. ते वाचताना आम्हाला पुन्हापुन्हा कौंडण्यपूरचा तो डोंगा आठवला. भोपळ्याच्या जागी भडक रंगाचा हवा भरलेला तरंगा, त्यावर लहान झेंडा. अमेरिकेत हा झेंडा तांबडा असून त्यावर तिरपा पांढरा पट्टा असतो. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय खुणांत निळापांढरा झेंडा "पाण्यात माणूस उतरला आहे, लांबून आणि सावकाश जा" असे सांगतो. मोटारबोट चालवणाऱ्याला पाण्यातले काळे डोके दिसत नाही, झेंडा दिसतो. काकांच्या भोपळ्यावरची पिवळी चिंधी त्याच कामाची.

त्याखेरीज हौशी पाणबुड्याच्या मनगटावर होकायंत्र आणि घड्याळ, गळ्यात शिट्टी, पायाला सुरी, आणि कमरेला शिशाच्या वजनाचा पट्टा असतो. पट्टा एका हाताने, डोळे मिटून सुटला पाहिजे असा कटाक्ष. सरकगाठीचे तत्त्व तेच. शिट्टीचे आम्हाला विशेष वाटले. दमलेल्या माणसाला ओरडवत नाही, छातीत तेवढी हवाच नसते. पण शिट्टी थोड्या श्वासात वाजते आणि वाऱ्यातून लांबवर ऐकू जाते. आपल्याकडे जत्रेत लहान मुलांच्या हाती शिट्टी असते, नदीवर जाणाऱ्या मोठ्या माणसाच्या गळ्यात ती का नसावी?

आणि भोपळा हा फक्त आपला अडाणी तोडगा आहे असे कोणी समजू नये. कोरिया देशाच्या जेजू बेटावर बायका शतकानुशतके समुद्राच्या तळातून शंखशिंपले आणि शेवाळ काढतात. त्यांना 'हेन्यो' म्हणतात. त्यांत साठी-सत्तरीच्या आजीबाई पुष्कळ. मिनिटभर, कधी त्याहून जास्त श्वास रोखून त्या खाली जातात आणि वर आल्यावर तोंडाने शिट्टीसारखा आवाज करीत श्वास सोडतात. त्यांचा तरंगा म्हणजे पूर्वापार वाळवलेला भोपळाच, त्याखाली मासळीची जाळीदार पिशवी. पुढे भोपळ्याच्या जागी थर्माकोल आला, पण वापर तोच. दम लागला की त्यावर छाती टेकून विसावतात आणि भोपळा कुठे आहे त्यावरून बाकीच्या बायका एकमेकींवर नजर ठेवतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. जपानातल्या पाणबुड्या बायकांमध्ये तर अशी जुनी रीत होती की बाई खाली जायची आणि नवरा नावेत दोर धरून बसायचा. संसाराची याहून चोख परीक्षा दुसरी नसेल!

समुद्रावर पाणबुड्याला भरती-ओहोटीचा हिशेब ठेवावा लागतो. कोकणातले जुने लोक घड्याळ आणि तक्ते न पाहता तो तोंडी करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. आमच्या वर्धेला भरती नाही असे आपण म्हणतो. पण विचार केला तर आहे, आणि ती पंचांगात लिहिलेली नाही. ही नदी बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूला सातपुड्यात उगम पावते आणि कौंडण्यपूरच्या वरच्या अंगाला, मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ, तिच्यावर अप्पर वर्धा धरण आहे. त्याला १३ दरवाजे. सातपुड्यात पाऊस पडतो, धरण भरते, दरवाजे उघडतात आणि इथे आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना पाणी चढू लागते. गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस परत येताना छातीभर पाण्यात सापडतो. काकांची खूण अशी, की काठाशी एक काडी रोवून ठेवायची आणि तिच्याकडे अधूनमधून पाहायचे. काडीचे टोक बुडाले की जाळे टाकून निघायचे. पाण्यावर काडीकचरा आणि फेस वाहत येऊ लागला तरीही निघायचे. दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना सूचना येते, पण ती शेतात गेलेल्या माणसापर्यंत पोचेलच असे नाही.

रेतीचा उपसा झाला तिथे तर नदी दरवर्षी नवी असते. गेल्या साली जिथे कमरेएवढे पाणी होते तिथे यंदा दोन पुरुष खोल खड्डा असू शकतो, आणि काठावरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून भोई लोक अनोळखी पाण्यात कधी डोके खाली करून सूर मारीत नाहीत. आधी पाय, तेही काठी टेकीत. पुलावरून किंवा घाटावरून डोक्यावर उडी घेतलेला तरणा पोरगा मानेचा मणका मोडून जन्माचा अंथरुणाला खिळतो.

"पोट्ट्यायले पोहनं येते म्हून ते बुडतात," काका म्हणाले. "ज्याले येत नाई तो काठावरच राह्यते."

याच नदीवर, धरणाच्याही वर, वरूड तालुक्यात झुंज नावाचे क्षेत्र आहे. तिथे धबधबा आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी तिथे नाव उलटली आणि ११ जण बुडाले. घरातल्या माणसाच्या दशक्रियेसाठी जमलेले ते नातेवाईक होते. एका दुःखासाठी आलेल्या घरावर दुसरे दुःख कोसळले. सगळे मृतदेह हाती यायला काही दिवस लागले. सप्टेंबरचे गढूळ पाणी, तळाचे काही दिसत नाही आणि प्रवाहाने माणूस कुठे नेला ते कळत नाही. अंगात तरंगते जाकीट असते तर माणूस बेशुद्ध झाला तरी वर राहतो. आपल्याकडे नावेत बसताना पैसे मोजून घेतात, माणसे मोजून घेत नाहीत.

गढूळ पाण्यात शोध कसा घेता, असे विचारले तेव्हा काका जरा वेळ बोलले नाहीत. मग सांगितले, की डोळे मिटूनच घ्यायचे, उघडे ठेवून काही उपयोग नाही. हाताने तळ चाचपत जायचे. अशा अंधारात वर कुठे आणि खाली कुठे हेही कळेनासे होते. तेव्हा तोंडातून थोडी हवा सोडायची, बुडबुडे गालावरून ज्या बाजूला जातील ती वरची बाजू. किंवा भोपळ्याचा दोर धरायचा, तो वरच नेतो.

श्वास रोखण्याविषयी मात्र एक गोष्ट काकांनी सांगितली आणि नंतर वाचनातही तीच आढळली. ती प्रत्येक घरात कळली पाहिजे. विहिरीत किंवा डोहात पोरे पैज लावतात, कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो. त्यासाठी आधी भराभर दहावीस मोठे श्वास घेतात. त्यांना वाटते, त्यामुळे छातीत प्राणवायू जास्त साठतो. तसे होत नाही. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कर्बवायू कमी होतो, आणि "आता श्वास घे" हा निरोप मेंदूला देणारा तो कर्बवायूच असतो. निरोप्यालाच घालवून दिल्यावर निरोप येणार कसा? पोराला गुदमरल्यासारखे वाटतच नाही. तिकडे प्राणवायू संपत आलेला असतो. खोलावर पाण्याच्या दाबामुळे उरलेला प्राणवायू कसाबसा पुरतो, पण वर येताना दाब कमी होतो आणि पृष्ठभागापासून हातदोन हातांवर दिवा विझावा तशी शुद्ध जाते. धडपड नाही, आरडाओरड नाही. काठावरच्यांना वाटते, पोरगा अजून दम धरून आहे. पट्टीच्या पोहणाऱ्यांचा जीव असाच जातो.

म्हणून श्वास रोखून उतरणाऱ्यांचा जगभर एकच नियम आहे. एक खाली, एक वर. दोघांनी एकाच वेळी बुडी मारायची नाही. आणि खाली गेलेला वर आला, त्याने हसून दाखवले, तरी पुढची अर्धी मिनिट त्याच्यावरची नजर काढायची नाही, कारण वर आल्यावरही शुद्ध जाऊ शकते. एकटा असताना श्वास रोखण्याचा खेळ कमरेएवढ्या पाण्यातही करायचा नाही.

शुद्ध गेलेल्याला आपल्याकडे उलटे टांगतात, खांद्यावर घेऊन गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. यात मोलाची मिनिटे जातात. त्याला श्वास हवा असतो. तोंड पाण्याबाहेर काढावे, उताणे निजवून हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने त्याच्या छातीत हवा भरावी. छाती हलत नसेल आणि काहीच चलनवलन नसेल तर हवा भरणे आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोराने, भराभर दाबणे, ही दोन्ही आलटूनपालटून चालू ठेवावीत. तोवर दुसऱ्याने १०८ क्रमांकाला फोन करावा. तो शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

आपल्यापैकी बहुतेकांचा नदीपेक्षा विहिरीशी रोजचा संबंध. रब्बीचे पाणी सुरू झाले की पंप पाणी उचलेनासा होतो, फूट व्हॉल्व्हला शेवाळ किंवा फडके अडकते आणि घरातला जो बऱ्यापैकी पोहणारा असेल तो लुंगी खोचून आत उतरतो. त्याने उतरण्याआधी स्टार्टर नुसता बंद करून भागत नाही. मेन स्विचमधले फ्यूज काढून खिशात घालावेत. शेतातली वीज केव्हा येईल सांगता येत नाही, आणि ओल्या विहिरीत फुटक्या केबलचा करंट पाण्यातून अंगात येतो. विहिरीतला दोर नदीच्या उलट बांधतात. इथे प्रवाह नाही, गुंतायला झाडे नाहीत, म्हणून सरकगाठ नको. दोन्ही काखांखालून छातीभोवती, आवळली न जाणारी आणि न सुटणारी पक्की गाठ, आणि दोर वर एखाद्या पक्क्या खांबाला वेढा देऊन धरलेला. वर एक माणूस पुरत नाही. निपचित झालेला गडी ओला दोर धरून एकट्याने वर ओढणे सोपे नाही. दोघे तरी हवेत, आणि त्यांपैकी एकानेही बिडी पेटवायला बांधाकडे जायचे नाही.

जुन्या, बरेच दिवस न उपसलेल्या, पाणी तळाशी गेलेल्या विहिरीत जड विषारी हवा साचते. पेटता कंदील दोराने खाली सोडून पाहावा. विझला तर कोणीही उतरू नये. मात्र तो जळत राहिला म्हणून हवा चांगली असेही समजू नये, काही विषारी वायूंत ज्योत विझत नाही. पहिला गडी खाली कोसळला की दुसरा त्याला काढायला तसाच उतरतो आणि मग तिसरा. गावोगावी अशीच तीन-तीन माणसे एका विहिरीत गेली आहेत. तिथे बुडी मारण्याच्या कौशल्याचा काही उपयोग नाही.

निघताना आम्ही काकांना विचारले, भोपळा बाजारात मिळतो का. तर म्हणाले, घरच्या मांडवावर कडू भोपळ्याचा एक वेल ठेवतात, खायच्या भोपळ्यापासून लांब. मोठे, सारख्या गोलाईचे फळ निवडतात आणि वेल सुकेपर्यंत तोडत नाहीत. देठ वाळून खडखडीत झाल्यावर तोडून सावलीत टांगतात. हलवले की आत बिया वाजल्या पाहिजेत. मग देठाजवळ छिद्र पाडून बिया काढतात, छिद्र मेणाने बुजवतात आणि रात्रभर पाण्याच्या टाक्यात दगड बांधून बुडवून ठेवतात. सकाळी जड लागला तर त्याला भेग आहे, तो फेकायचा. भोपळा नसेल तर ट्रकच्या चाकाची ट्यूब किंवा घट्ट बुचाचा पाच लिटरचा रिकामा डबा चालतो. आमच्या लहानपणी डालड्याचे डबे पाठीला बांधून पोरे पोहणे शिकत, त्यातलाच प्रकार. काकांचा पुतण्या डबाच वापरतो. भोपळा ते स्वतःपुरता ठेवतात, आणि दरवर्षी पोळ्याच्या आधी दोर बदलतात. जुना दोर बैलाच्या कामी येतो.